पीण्यातले पिवळे ठिपके

बंगळूरला जाऊन आले म्हटलं की बार्शीत लोक आधी हवेचं विचारतात, मग बागांचं, आणि शेवटी आवाज खाली आणून पगाराचं. मला तिन्हींचं उत्तर धड देता येत नाही. हवा छान होती, पण मी ती पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहून खाल्ली. बागा बसच्या खिडकीतून दिसल्या. आणि पगार नव्हताच, कारण मी गेले होते कॉलेजच्या उन्हाळी प्रशिक्षणाला, आठ आठवडे, पीण्या औद्योगिक क्षेत्रात. इंदिरानगरातल्या दुकानांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. पीण्याचा फोटो कुणी काढत नाही. शेडला लागून शेड, मधून वाट काढणारे टेम्पो, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी पाच धातू कापल्याचा आवाज. त्या आठ आठवड्यांतला शेवटचा दिवस मला सांगायचा आहे. बागांचं तुम्हाला दुसरं कुणीही सांगेल.

आधी आमचं घर सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे संशय पिढीजात आहे. आई इस्त्रीवाल्याला कपडे देताना मोजते, घेताना मोजते आणि तो जिना उतरला की पुन्हा मोजते. वडील औषधाच्या बाटलीचं सील दोनदा नखानं तपासतात. मी निघाले तेव्हा आत्यानं बॅगेसाठी कुलूप दिलं, आणि त्या कुलपाचा काय भरवसा म्हणून दुसरं दिलं. अशा घरातली मुलगी परगावी गेली की ती काय करणार? पहिल्याच सकाळी सांबार गोड लागलं, तर मला वाटलं की कालचं आंबलेलं खपवायला यांनी गूळ घातलाय. तिथं सगळीकडेच सांबारात गूळ असतो हे कळायला मला चार हॉटेलं लागली. रिक्षावाला "स्वल्प थांबा" म्हणाला की मी मोबाइलवर नकाशा उघडायची. शेडमध्ये दोघं कन्नडमध्ये बोलत असले आणि मी आल्यावर गप्प झाले, की विषय मीच असणार याबद्दल मला शंका नसायची.

एकाच माणसावर मी डोळे मिटून विश्वास टाकला होता. शांतक्का. तिच्याबद्दल सांगतेच, पण आधी ठिपक्यांचं.

आमच्या शेडमध्ये पंपाला लागणारे पितळी बुश व्हायचे. बुश म्हणजे कडेला कॉलर असलेली जाडसर नळी, अंगठा मावेल एवढी. शांतक्का आणि मी शेजारी शेजारी दोन ड्रिल मशिनवर एकच काम करायचो, बुशचं भोक शेवटच्या मापाला आणायचं. प्रत्येक तुकडा झाला की दोन टोकांचं गेज घालून बघायचं. एक टोक आत जायलाच हवं, दुसरं जाता कामा नये. दुसरंही गेलं तर भोक मोठं झालं, तुकडा बाद, टाक लाल क्रेटमध्ये. आणि बाद असो की चांगला, कॉलरवर आपल्या रंगाचा एक ठिपका काडीनं लावायचा, म्हणजे कुणाच्या हातचा तुकडा ते कळतं. त्या ठिपक्याला तिकडे बोट्टु म्हणतात, म्हणजे आपली टिकली. प्रत्येकाचा रंग ठरलेला. शांतक्काचा पांढरा. माझा पिवळा. दरवर्षी शिकायला जो येतो त्याचा पिवळा, असं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

दर शनिवारी चार वाजता लाल क्रेट टेबलावर पालथी करायची आणि कुणाचे किती बाद ते खडूनं फळ्यावर लिहायचं, अशी तिथली रीत. सातव्या शनिवारी पिवळ्यापुढे चौदा पडले. पांढऱ्यापुढे एक. मी माझे बाद झालेले तुकडे मनात धरून होते, ते चार होते. चौदा कुठून आले? अख्ख्या शेडसमोर माझे कान तापले. कॉलेजच्या अहवालात मालकांनी लिहिलेला शेरा लागतो, आणि 'चांगले'च्या खाली काही आलं तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा आठ आठवडे. मुलगी मशिनवर काय काम करणार असं म्हणणारे काका-मामा घरी टपून बसलेलेच होते. नापास होऊन परत गेले असते तर ते जन्मभर माझ्या डोक्यावर बसले असते.

त्या सोमवारपासून मी एक युक्ती केली. प्रत्येक तुकडा झाला की ठिपका लावायच्या आधी कॉलरच्या खालच्या अंगाला टोचणीनं एक बारीक रेघ ओढायची. बघितल्याशिवाय दिसणार नाही एवढी. आता लावा म्हटलं माझा रंग कुणाच्याही तुकड्याला.

दासरहळ्ळी, सकाळी

शेवटच्या दिवशी, म्हणजे आठव्या शनिवारी, सकाळी माझ्या भाड्याच्या खोलीच्या मालकीणबाई आल्या आणि कपाटातले हँगर मोजून गेल्या. मला त्यांच्याबद्दल एकदम घरच्यासारखी माया वाटली.

गाडी रात्रीची होती, म्हणून सामान घेऊनच निघाले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्या उभ्या ताटाएवढी चपटी तट्टे इडली खाल्ली, वर लोणी. आपल्याकडे इडली म्हणजे पोट बिघडलं की खायची, तिथं रिक्षा थांबवून खातात. गोड सांबार मी त्या दिवशी दोनदा मागून घेतलं. आठ आठवड्यांनी सवय झाली होती, आणि परत कधी मिळणार.

कॉलेजचा छापील अहवाल गुरुवारीच मालकांकडे दिला होता. शेडमध्ये पोचून हजेरीची वही काढायला गेले तर आत्याच्या दुसऱ्या कुलपाची किल्ली सापडेना. बॅगेचे कप्पे, पर्स, खिसे सगळं उलटंपालटं केलं. शेवटी नंजप्पा मेस्त्री करवतीचं पातं घेऊन आला. नंजप्पा म्हणजे शेडचा मुकादम, पन्नाशीचा, बोलायला महाग. पहिल्या दिवशी त्यानं माझ्या ओढणीकडे बघून मशिनकडे बोट केलं होतं आणि मान हलवली होती. ओढणी मशिनमध्ये अडकेल असं त्याला सांगायचं होतं, पण मी ते 'बायकांचं काम नव्हे' असं वाचलं आणि तेव्हापासून तो माझ्या वहीत लाल शाईत होता. त्यानं दोन मिनिटांत कुलूप कापलं आणि मी बॅग उघडायच्या आत पाठ फिरवून चालू लागला. नजरेला नजर देत नाही, मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं.

संशयाला माझ्याकडे कारणही पक्कं होतं. पिवळ्या रंगाची डबी दिवसभर शांतक्काच्या आणि माझ्या मधल्या फळीवर असायची. पाच वाजता मेस्त्री ती उचलून आपल्या टेबलाच्या खणात ठेवायचा. लाल क्रेटही त्याच्याच टेबलाखाली. म्हणजे पाचनंतर डबी त्याची, क्रेट त्याची, आणि शेडमध्ये त्याचीच माणसं. शिवाय ते जास्तीचे ठिपके वेडेवाकडे असायचे, कॉलरवरून अर्धे घसरलेले. मेस्त्रीची बोटं केळ्यासारखी जाड. सगळं जुळत होतं.

जेवणाची सुट्टी

साडेबाराला सगळे हात धुवायला गेले तेव्हा मी टेबलाखाली वाकून लाल क्रेट ओढली. याही आठवड्याला पिवळे चौदाच. एकेक पालथा करून उजेडात धरला. रेघ असलेले तीन. रेघ नसलेले अकरा. खरं सांगते, मला आनंदच झाला. संशय खरा निघण्यासारखं सुख आमच्या घराण्यात दुसरं नाही. ते अकरा तुकडे मी ओढणीत बांधले आणि माझ्या बॅगेत टाकले.

मग जेवायला शांतक्काकडे. ती मूळची निपाणीकडची, लग्न होऊन बंगळूरला आलेली, पंचवीस वर्षं याच शेडमध्ये. नवरा गेलेला. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या मराठीत निम्मं कन्नड, पण डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, आणि ती चटणी अगदी आमच्या बार्शीची. पहिल्या दिवशी तिनं "जेवलीस काय गं बाळ?" विचारलं आणि मी विरघळले. परगावी मराठी बोलणारा माणूस आपलाच, तो लबाड असूच शकत नाही, असा आपल्याकडे एक खुळा समज असतो. मी दोन कुलपं लावणारी मुलगी, पण शांतक्कापुढे मोबाइल, पर्स, सगळं उघडं टाकून जायची.

तिला मी सगळं सांगितलं. रेघेचं, अकरा तुकड्यांचं, मेस्त्रीच्या खणाचं. तिनं भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवला आणि आधी विचारलं, मी हे कुणाला सांगितलं काय? म्हटलं, अजून नाही, तीन वाजता अहवाल घ्यायला जाईन तेव्हा मालकांना दाखवणार. ती म्हणाली, सोड की गं, आज संध्याकाळी जातीयेस, पिवळ्याचं कोण मनावर घेतंय. मी म्हटलं, माझा शेरा त्याच्यावर आहे अक्का, मी का सोडू? आणि मेस्त्रीला तरी कळू दे.

"मेस्त्री तसला माणूस न्हवं," ती म्हणाली.

मला वाटलं, बिचारी, किती सरळ आहे. पंचवीस वर्षं ज्याच्यासोबत काढली त्याच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं, उरलेली भाकरी तशीच आत. मी तिची समजूत काढली की तुमचं नाव कुठं येऊ देणार नाही. हे मी तिला म्हणाले. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मालकांची केबिन

काचेचं दार असलेली ती खोली, मालक आत, आणि त्यांच्यासमोर एक पाहुणा कॉफी पीत बसलेला. होसकोट्याच्या ज्या कारखान्याला आमचे बुश जायचे तिथला तपासनीस. मी थांबायला हवं होतं. मालकांनी खुणेनं थांब म्हटलंही होतं. पण मला वाटलं, पाहुण्यासमोर सांगितलं की प्रकरण दाबता येणार नाही. एवढं डोकं चाललं माझं. ओढणीची गाठ सोडून अकराच्या अकरा तुकडे टेबलावर ओळीनं मांडले आणि हिंदीत सांगून टाकलं: यावर रंग माझा आहे, काम माझं नाही, आणि माझ्या खऱ्या तुकड्यांवर ही रेघ आहे.

मालकांना धक्का बसेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी तुकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. पेपरवेटखालून माझा अहवाल काढला आणि माझ्याकडे सरकवला. शेऱ्याच्या चौकटीत निळ्या शाईत 'उत्तम' लिहिलेलं होतं, खाली सही, तारीख कालची.

"पिवळा मी कधी धरतच नाही," ते हळू म्हणाले. "इतक्या वर्षांत कधी धरला नाही."

पाहुण्यानं पेला खाली ठेवला. माणूस अतिशय सभ्य होता, आवाजसुद्धा चढवला नाही. त्यानं एक तुकडा उचलून गेज मागितलं, घालून बघितलं, आणि विचारलं की मग हे कुणाचे? त्याच्या कारखान्याला प्रत्येक तुकडा कुणी केला हे ठाऊक लागतं. रंग खोटा असेल तर बाद मालाचाच काय, चांगल्या मालाचाही रंग खोटा असू शकतो. मालकांचा चेहरा उतरला. आणि मी, विचारलेलं नसताना, मेस्त्रीचं नाव घेतलं.

मेस्त्री आला. टेबलावरची ओळ बघितली, मग पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. नाकारील, चिडेल, मला खोटं पाडील, सगळ्याची मी तयारी केली होती. तो हिंदीत एवढंच म्हणाला की हो, मीच लावले. पाहुणा म्हणाला की ठिपके तू लावले असशील, पण तू मशिन चालवत नाहीस, तुकडे कुणाचे? त्यावर मेस्त्री गप्प. आणि त्याच वेळी माझ्या मनात पाल चुकचुकली. तसल्या भोकाचं काम शेडमध्ये दोघीच करायचो. एक मी.

काचेचं दार उघडलं. शांतक्का हात पुसत आत आली, मेस्त्रीच्या शेजारी उभी राहिली आणि कन्नडमध्ये एकच शब्द बोलली, "नंदु." आठ आठवड्यांत तेवढं कन्नड मला कळायला लागलं होतं. माझे.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पण मला राग आला नाही. तेव्हाच नाही आला, हे मला स्वतःलाच नवल वाटतं. ती दाराची कड हातानं चाचपून मग आत आली होती, हे मी त्या क्षणी बघितलं, आणि आठ आठवडे रोज बघत असूनही बघितलं नव्हतं.

बाकीचं मालक आणि मेस्त्री बोलले त्यातून उलगडलं. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ते बिघडलं होतं. दुसराही पिकत आला होता, पण तिनं डॉक्टरला त्याला हात लावू दिला नव्हता. आमच्या कामात बुश बसवताना खाली पितळेचा कीस राहिला की तुकडा तिरका बसतो आणि भोक वाढतं. तो कीस दिसायला डोळे लागतात. मेस्त्रीला माहीत होतं. त्याला मशिन तिनंच शिकवलेलं. मालकांना माहीत होतं. गेली तीन वर्षं शिकाऊ मूल आलं की तिचे बाद तुकडे पिवळे व्हायचे आणि मालक पिवळा सोडून द्यायचे. इतर महिन्यांत, बघणारं परकं कुणी नसताना, मेस्त्री तिच्या मशिनची बैठक, म्हणजे बुश बसतो ती जागा, स्वतः झाडून द्यायचा. पांढऱ्यापुढे दोनाच्या वर आकडा गेला तर बाईला मशिनवरून काढा असं कुणी ना कुणी म्हणणार, म्हणून ही सोय. गेज मात्र ती बोटांनी अचूक चालवायची. खराब तुकडा तिनं एकदाही पुढे जाऊ दिला नव्हता. फक्त त्याला नाव माझं दिलं होतं.

आणि ही सोय चालण्याची एकच अट होती, की ती कुणी तोंडानं बोलायची नाही. मी बोलले. तेही होसकोट्याच्या माणसासमोर.

त्या माणसानं मग भिंतीवरचा एक आराखडा काढून तिच्यापुढे धरला आणि भोकाचं माप वाचायला सांगितलं. तिनं माप घडाघडा सांगितलं. पंचवीस वर्षांचं तोंडपाठ. पण त्यानं धरलेला आराखडा दुसऱ्याच बुशचा होता. मालक म्हणाले, पुरे.

सोमवारपासून ती पॅकिंगला. पॅकिंगचा पगार मशिनच्या पगारापेक्षा बराच कमी, आणि मुलीची दोन वर्षं बाकी, हे मला तिनंच कधीतरी जेवताना सांगितलेलं होतं. मी मालकांना म्हटलं की माझी काही तक्रार नाही, मी शब्द मागे घेते, हवं तर शेरा खाली आणा. ते म्हणाले, बेटा, आता तुझ्या हातात नाही आणि माझ्याही नाही. अहवाल त्यांनीच घडी घालून माझ्या हातात दिला. ज्याच्यासाठी एवढं केलं ते कालच मिळालेलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण माझ्या हाताचं अवलक्षण दुसरीच्या कपाळी गेलं.

चार वाजता नेहमीप्रमाणे क्रेट पालथी झाली. मेस्त्रीनं पिवळ्यापुढे तीन लिहिले, पांढऱ्यापुढे अकरा. मी निघताना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि माफ करा म्हटलं. तो म्हणाला, "सरी." कन्नडमध्ये 'सरी' म्हणजे ठीक, बरं, कळलं, झालं ते झालं. त्यातला कुठला अर्थ मला दिला हे मी विचारलं नाही.

तुमकूर रस्ता

शांतक्का आधीच निघाली होती. मी बॅग ओढत पळतच गेले. मेट्रोच्या खांबांखाली बसथांब्यावर ती उभी होती, डब्याची पिशवी छातीशी धरून. साडेपाच वाजले होते, कारखाने सुटले होते, थांब्यावर ही गर्दी. माझी मेट्रो वर, तिची बस खाली.

काय बोलायचं ते पळताना ठरवलं होतं, पण समोर आल्यावर मला रडूच फुटलं. तिनं पाठीवरून हात फिरवला नाही, आणि बोलणं टाळलंही नाही. मी विचारलं, अक्का, मला दुपारी सांगितलं का नाहीस? मी गप्प बसले असते. खरंच बसले असते का, हे मला आजही ठाऊक नाही.

"तुला सांगून केले असते तर तूही लबाड झाली असतीस," ती म्हणाली. "न सांगता केले, तर मी एकटीच. आणि सगळ्यांत तुझाच रंग सोपा होता बघ. तू माझ्याकडं कधी बघायचीच नाहीस, बाकी सगळ्यांकडं बघायचीस."

रस्त्यावरून बसमागून बस येत होती. ती मान पुढे काढून बघायची, मग मागे व्हायची. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, ही कुठली आली गं? मी नंबर वाचला. तिची नव्हती. पुढची वाचली. तीही नव्हती. आजवर कशी ओळखायचीस विचारलं तर म्हणाली, कंडक्टरच्या ओरडण्यावरून; गर्दीत ऐकू नाही आलं की चुकीची धरायची आणि पुढच्या थांब्याला उतरायची. कुणाला विचारायची नाही, कारण थांब्यावर शेडमधलं कुणी ना कुणी असायचं. आता विचारायला काय हरकत.

मग मी वाचत राहिले. सहा बस वाचल्या, सात वाचल्या. माझ्या गाडीला वेळ होता, आणि नसता तरी मी हलले नसते. आठव्या वेळी दोनशे अठ्ठावन्न आली, नेलमंगलाची, तिची. मी मोठ्यानं सांगितलं, अक्का, हीच तुझी, चल. हात धरून दारापर्यंत नेलं. तिनं पायरीवर पाय ठेवला, थांबली, आणि वाकून कंडक्टरला विचारलं की ही नेलमंगलाला जाते ना. तो हो म्हणाला. मग ती चढली.

मी तिथंच उभी राहिले. तिच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं.